पाचव्या ओळीवरची रेघ

१९८८ची गोष्ट. सांगलीतल्या एका सहकारी संस्थेचं एसटीडीचं (परगावी लावलेल्या फोनचं) बिल अचानक फुगलं आणि सगळ्यांनी एकमुखानं टेलिफोन लाइनला दोषी ठरवलं. आमचा प्रोग्राम रोज संध्याकाळी मोडेमवरून, म्हणजे संगणकाला टेलिफोनशी जोडणाऱ्या डब्यावरून, मुंबईच्या मुख्य कार्यालयाला फोन लावायचा, दिवसाच्या उलाढालीची फाइल पाठवायचा आणि फोन ठेवायचा. पाच-दहा मिनिटांचं काम. बिल मात्र रात्ररात्रभर कोणी बोलत बसल्यासारखं. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर आला, मोडेमकडे लांबूनच बघितलं आणि "मीटर चुकीचा पळतोय, टेलिफोन खात्याला पत्र लिहा" असं सांगून निघून गेला. अशी माणसं मी पुढेही पुष्कळ पाहिली; दोष आपल्या डब्याच्या बाहेर ढकलला की त्यांचं काम संपतं. मला पुण्याहून पाठवलं होतं ते खरं तर त्या पत्राला तांत्रिक पुरावा जोडण्यासाठी.

डायलिंगचा भाग मी लिहिला होता आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. मोडेम अमेरिकेच्या हिशेबानं बनलेला. त्याला आपला डायलटोन ओळखू येत नसे, म्हणून टोनची वाट न बघता थेट आकडे फिरवायला लावायचं. आकडेही पल्सनंच, म्हणजे जुन्या चकतीच्या फोनसारखे तुटक खटक्यांनी; मोडेमला आज्ञा द्यायची ती एटीडीटी (सुरांनी) नाही, एटीडीपी (पल्सनं). त्यातही पल्समध्ये लाइन जोडलेली आणि तोडलेली राहायच्या काळाचं शेकडा प्रमाण अमेरिकेत ३९/६१ आणि आपल्याकडे ब्रिटिश वळणाचं ३३/६७. ती सेटिंग बदलली नाही तर शून्य फिरवताना एखादा पल्स गळायचा आणि भलत्याच घरी फोन लागायचा. कॅरियरसाठी, म्हणजे पलीकडच्या मोडेमच्या सुरासाठी, थांबायची मुदत मुळात ३० सेकंद. एसटीडी लागायलाच तेवढा वेळ जाई, म्हणून ती ६० केलेली. हे सगळं एका कागदावर वाचायला मिळत नसे. फोन लागताना रिसीव्हर कानाला लावून, ऐकून ऐकून जमवलेलं होतं.

संध्याकाळी मी लिपिक मॅडमच्या शेजारी बसलो. कॉल लागला, फाइल गेली, पडद्यावर "पूर्ण" आलं. मी मॅनेजरांच्या केबिनमध्ये जाऊन जोडफोनचा रिसीव्हर उचलला. कानात कॅरियरची शीळ. प्रोग्राम संपला होता आणि मुंबईशी लाइन जोडलेलीच होती. मोडेमवरचा सीडीचा (कॅरियर असल्याचा) लाल दिवा पेटलेला, पण केबिनला रोज कुलूप लागत असल्यानं तो कोणाला दिसतच नव्हता. म्हणजे मीटर बरोबर पळत होता. ज्या रात्री लाइनवर खरखर असायची त्या रात्री कॅरियर तुटून मोडेम आपोआप फोन ठेवायचा. लाइन स्वच्छ असेल तर सकाळपर्यंत कॉल चालू. लाइन जितकी चांगली तितकं बिल जास्त.

यंत्र आणि मोडेम यांच्यामधली केबल तीनच तारांची होती: पिन क्रमांक दोन, तीन आणि सात. उरलेल्या पिना दोन्ही टोकांना आपसात जोडलेल्या. त्यामुळे प्रोग्रामनं पोर्ट बंद केला तरी मोडेमला डीटीआर, म्हणजे यंत्र तयार असल्याचा इशारा, चालूच दिसणार. तेव्हा फोन ठेवायचा मार्ग एकच: सेकंदभर गप्प राहायचं, तीन प्लस पाठवायचे, पुन्हा सेकंदभर गप्प आणि मग एटीएच, म्हणजे फोन ठेवायची आज्ञा. हे काम करणारं फंक्शन आमच्या लायब्ररीत (तयार फंक्शनांच्या साठ्यात) होतं, 'लाइन_डिस्क' नावाचं. पुण्याच्या यंत्रावर ते बिनचूक चालायचं. इथल्या कोडमध्येही त्याला बोलावलेलं दिसत होतं. लिंकिंग करताना, म्हणजे प्रोग्रामचे तुकडे जोडताना, एलडी या लिंकरची एकही तक्रार नव्हती.

मी कोडचं लिस्टिंग चाळत बसलेलो असताना मॅडम म्हणाल्या, "सर, फोन झाला की पाचव्या ओळीवर रेघ उठतीया बघा. तारीखच खोडून जाती. मागं त्या इंजिनिअर साहेबांनाबी सांगितलं हुतं."

मी पुन्हा कॉल लावला. "पूर्ण" येण्याआधी खरंच पाचव्या ओळीवर डॅशांची एक रेघ सरकली. आमच्या कोडमध्ये रेघ काढणारं काहीच नव्हतं. पडद्याचा भाग यंत्र पुरवणाऱ्यांच्या जुन्या प्रोग्राममधून घेतलेला, त्यात 'लाइन_डिस्प्ले' नावाचं फंक्शन. त्याला ओळीचा क्रमांक द्यायचा, ते तिथं रेघ मारतं. ओळी शून्यापासून मोजल्या तर पाचवी ओळ म्हणजे चार. आणि आमच्या प्रोग्राममध्ये मोडेमच्या पोर्टचा फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलला किंवा पोर्टला यंत्र देतं तो क्रमांक) होता चार: शून्य, एक, दोन नेहमीचे, तीन लॉग फाइलचा, चार मोडेमचा. 'लाइन_डिस्क'ला आम्ही तोच आकडा देत होतो.

तिथं सगळं उलगडलं. एनएम (प्रोग्राममधली नावं दाखवणारं साधन) चालवलं तर तयार प्रोग्राममध्ये त्या दोन नावांच्या जागी एकच नाव, तेही तुटकं. पुण्याच्या यंत्रावर नवं सिस्टम फाइव्ह युनिक्स होतं, त्यात लांब नावं चालायची. सांगलीतलं त्याआधीच्या सिस्टम थ्रीच्या वळणाचं. त्यात बाहेरच्या (इतर फाइलींनाही दिसणाऱ्या) नावाला आठ अक्षरांची जागा, आणि पहिली जागा कंपायलर स्वतः अंडरस्कोअर लावून खाणार. उरली सात: एल, आय, एन, ई, अंडरस्कोअर, डी, आय. 'डिस्क' काय आणि 'डिस्प्ले' काय, लिंकरला दोन्ही एकच.

तरी त्यानं "दोनदा व्याख्या" असं का ओरडू नये? कारण एलडी लायब्ररी डावीकडून उजवीकडे वाचतो आणि अजून न सापडलेल्या नावांपुरतेच तुकडे त्यातून उचलतो. पडद्याची ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला तुकडा) आधी आल्यानं ते नाव सापडलेलं होतं. आमचा तुकडा त्यानं उघडलाच नाही. लायब्ररीऐवजी ती ऑब्जेक्ट फाइल थेट दिली असती तर त्याच क्षणी चूक समोर आली असती.

नाव उलटं करून 'डिस्क_लाइन' केलं, कंपाइल केलं, कॉल लावला. एटीएच गेल्याबरोबर रिसीव्हरमध्ये खट्ट झालं आणि शीळ थांबली. मॅडम बाहेरून ओरडल्या, "तारीख राहिली, सर!"

लिंट हा कोड तपासणारा प्रोग्राम पोर्टेबिलिटीच्या पर्यायासह चालवला असता तर त्यानं हे पकडलं असतं; नंतर आमच्या ऑफिसात तो सक्तीचा केला. पुढच्याच वर्षी आलेल्या सी भाषेच्या आन्सी प्रमाणानंही बाहेरच्या नावातल्या सहाच अक्षरांची हमी दिली. ती ३१ झाली १९९९च्या सी९९ प्रमाणात. आणि लायब्ररीतलं फंक्शन त्याच नावाच्या दुसऱ्या फंक्शननं मुकाट्यानं झाकून टाकायचं, हे आजच्या लिनक्सवरही चालतंच. लिंकर त्याच्या नियमानं बरोबर वागतो हे मला मान्य आहे. नियम बरोबर आहे का, याबद्दल माझी अजून खात्री नाही.

अहवालात मी लिहिलं होतं की दोषाचा माग लिपिक मॅडमच्या निरीक्षणातून लागला. आमच्या साहेबांनी ते वाक्य काढलं. "ग्राहकाच्या क्लार्कनं बग शोधला असं लिहून देतोस?" मी वाद घातला, पण उपयोग झाला नाही. संस्थेकडे गेलेल्या कागदावर "सॉफ्टवेअरमध्ये किरकोळ सुधारणा" एवढंच आहे.