तार लावायची, पण कोणाकडून?

भाचीचे पुढे आलेले दात सरळ करायचे ठरल्यावर मी ताईला एवढंच सांगितलं, "डॉक्टरांना विचार, एमडीएस ऑर्थोडॉन्टिक्समध्ये केलंय का?" दातांचा प्रत्येक डॉक्टर ५ वर्षांचं बीडीएस करतो, ऑर्थोडॉन्टिस्ट त्यापुढे ३ वर्षं एमडीएस करून दात आणि जबड्यांची ठेवणच शिकतो. हा फरक आपल्याकडे फार कमी लोक विचारात घेतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तार दाताला हळुवार, सतत दाब देते. दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं, मागे नवं भरत जातं, आणि दात सरकतो. हाडाचं काम असल्यामुळे साधारण दीड-दोन वर्षं लागतातच. झटपट करून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

दर ४ ते ६ आठवड्यांनी तपासणी असते, म्हणून आम्ही पुणे-नाशिक सोडून जळगाव निवडलं. अमळनेरहून सकाळच्या गाडीने जाऊन पोरगी दुपारच्या शाळेला परत येते. तार घट्ट केली की दोन दिवस केळी आणि मऊ खिचडी. ऊस, फुटाणे पूर्ण बंद, नाहीतर दाताला चिकटवलेली पट्टीच निघते. तार काढल्यावर रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारं साधन, वापरावाच लागतो, नाहीतर दात पुन्हा जागा सोडतात. त्याचा खर्च सुरुवातीलाच विचारून घ्या.