१६५ मेगाहर्ट्झच्या आत ७५ हर्ट्झ: जुन्या आयपीएसची नोंद

मंडळी, जुना साडेएकवीस इंची आयपीएस (एलसीडीचा एक प्रकार) मॉनिटर आता ७५ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ७५ फ्रेम दाखवत, स्थिर चालतोय, आणि तोही एकही फ्रेम न गाळता. हा मूळचा ६० चा. मागे फक्त व्हीजीए आणि सिंगल-लिंक डीव्हीआय हे दोन जोड, त्यामुळे ग्राफिक्स कार्डाच्या एचडीएमआयमधून एचडीएमआय-डीव्हीआय केबल टाकून जोडलाय. या जोडणीत पिक्सेल क्लॉकची, म्हणजे केबलमधून सेकंदाला जाणाऱ्या पिक्सेलची, कमाल मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ. सगळी मेहनत या एका आकड्यापायी झाली, म्हणून आधी हिशोब मांडतो.

डोळ्यांना १९२० × १०८० दिसतात, पण केबलमधून त्याहून जास्त जातं. प्रत्येक ओळीनंतर आणि प्रत्येक फ्रेमनंतर न दिसणारा भाग असतो, ब्लँकिंग. सीआरटीच्या काळात इलेक्ट्रॉन बीमला परत फिरायला तो वेळ लागायचा. एलसीडीला तेवढा लागत नाही, तरी टायमिंगमध्ये तो राहिलाय. टीव्हीच्या प्रमाण टायमिंगमध्ये ६० हर्ट्झचं १०८०पी म्हणजे एकूण २२०० × ११२५. त्याला ६० ने गुणलं की १४८.५ मेगाहर्ट्झ. याच टायमिंगवर ७५ मागितले तर १८५.६ होतात आणि ड्रायव्हर ते मोडच घेत नाही. सीव्हीटी रिड्यूस्ड ब्लँकिंग (कॉम्प्युटरच्या पडद्यांसाठीचं, कमी ब्लँकिंगचं प्रमाण टायमिंग) लावलं तर ७५ ला २०८० × १११९, म्हणजे १७४.५. तेही बाहेरच. रिड्यूस्ड ब्लँकिंगने मर्यादेत राहून जेमतेम ७१ मिळतात (१६४.९६), आणि बरेच जण इथेच थांबून 'माझा मॉनिटर ७१ च्या वर जात नाही' असं ठरवून टाकतात. मॉनिटरची परीक्षा अजून झालेलीच नसते.

टोस्टीएक्स या प्रोग्रामरच्या कस्टम रिझोल्यूशन युटिलिटीत, म्हणजे आपल्या सीआरयूत, टायमिंग 'मॅन्युअल' करून पोर्च हाताने कमी केले. सिंक म्हणजे नव्या ओळीची किंवा फ्रेमची खूण, आणि पोर्च म्हणजे तिच्या आधीचा-नंतरचा ब्लँकिंगचा तुकडा. आडवं ब्लँकिंग ८० पिक्सेलवर आणलं: फ्रंट पोर्च ८, सिंक ३२, बॅक पोर्च ४०. सीव्हीटीच्या दुसऱ्या रिड्यूस्ड आवृत्तीत हेच आकडे आहेत, त्यामुळे यात काही धाडस नाही. धाडस उभ्या बाजूला आहे: फ्रंट पोर्च ३, सिंक ५, बॅक पोर्च १२, म्हणजे ब्लँकिंगच्या फक्त २० ओळी. एकूण झालं २००० × ११००. गुणिले ७५ केलं की बरोबर १६५.०० मेगाहर्ट्झ. कागदावर हा आकडा आला तेव्हाच मला वाटलं की हे जमणार.

उभं ब्लँकिंग कमी करण्याचा आणखी एक फायदा आहे, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पॅनलच्या प्रत्येक ओळीला चार्ज व्हायला ठरावीक वेळ मिळतो. ६० हर्ट्झ आणि ११२५ ओळींना तो १४.८ मायक्रोसेकंद असतो. ७५ ला १११९ ओळी ठेवल्या तर ११.९ वर येतो, आणि ११०० केल्या तर १२.१. फरक किरकोळ वाटेल, पण पॅनल काठावर चालवताना हाच वेळ अपुरा पडतो आणि करड्या छटा बिघडतात. म्हणून क्लॉक वाचवायचा असेल तर आडव्याइतकंच उभ्याकडेही लक्ष द्या.

आता फ्रेम गाळण्याची गोष्ट. विंडोजमध्ये ७५ दिसलं म्हणजे पॅनल ७५ दाखवतंय असं होत नाही. कित्येक मॉनिटरचा स्केलर (आलेला सिग्नल पॅनलजोगा करणारी आतली चिप) ७५ चा सिग्नल मुकाट्याने घेतो आणि आत ६० च फ्रेम पडद्यावर पाठवतो, म्हणजे दर पाचवी फ्रेम गायब. स्क्रोल करताना 'काहीतरी अडखळतंय' एवढंच जाणवतं, आणि दोष मात्र गेमला किंवा ब्राउझरला दिला जातो. यावर टेस्टयूएफओ या वेबसाइटची फ्रेम स्किपिंग चाचणी हाच खात्रीचा इलाज. पडद्यावर चौकटींची जाळी असते आणि दर फ्रेमला पुढची एक चौकट उजळते. फोनचा कॅमेरा प्रो मोडमध्ये घेऊन शटर १/५ सेकंदावर ठेवला, फोन टेकवून स्थिर केला. मॉनिटरचा ब्राइटनेस पूर्ण १०० वर नेला, कारण कमी ब्राइटनेसला बॅकलाइट लुकलुकत असेल तर फोटो वाचता येत नाही. ७५ हर्ट्झला १/५ सेकंदात १५ चौकटी उजळायला हव्यात, सलग. मध्ये एक काळी चौकट दिसली की खेळ संपला.

माझ्या फोटोत पांढऱ्या चौकटींची रांग सलग आलीय, दोन टोकांच्या चौकटी तेवढ्या जराशा फिकट, कारण शटर त्यांच्या अध्येमध्ये उघडलं आणि मिटलं. टोकाचा फिकटपणा चालतो, मधली फट चालत नाही. एका फोटोवर विश्वास ठेवू नका, बऱ्याच वेळा काढा.

रंगांचं म्हणाल तर ७५ ला गडद करड्या छटा किंचित खाली गेल्या. ओव्हरड्राइव्हमुळे (छटा लवकर बदलावी म्हणून पिक्सेलला दिलेला जादा जोर) करड्यावर सरकणाऱ्या काळ्या अक्षरांमागे उजळ कडही दिसायला लागली. मेनूत ओव्हरड्राइव्ह एक पायरी खाली आणल्यावर ती कड गेली. गॅमा, म्हणजे मधल्या छटांचा उजळपणा, ड्रायव्हरमधून थोडा उचलला. फोटोंचं काम करणाऱ्यांनी मात्र ६० चं प्रोफाइल वेगळं जपून ठेवावं.

फायदा किती? एका फ्रेमचा वेळ १६.६७ वरून १३.३३ मिलिसेकंदांवर येतो. सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने मजकूर सरकत असेल तर डोळ्याला जाणवणारा फराटा १६ पिक्सेलवरून १२.८ वर. देवनागरीत हे पटकन कळतं: लांबलचक मराठी लेख सरकवताना शिरोरेषेवरचा अनुस्वार आणि रफार आधी पुसट व्हायचे, आता तेवढे विरत नाहीत. मला या छंदात हाच क्षण सगळ्यात आवडतो.

सिनेमासाठी मी ७५ वापरत नाही. २४ फ्रेमचा चित्रपट ६० हर्ट्झवर एक फ्रेम ५० मिलिसेकंद आणि पुढची ३३.३ अशी आळीपाळीने दिसतो, कॅमेरा सावकाश फिरला की हिसके बसतात. ७२ ला प्रत्येक फ्रेम बरोबर तीनदा. बहुतेक फाइली २३.९७६ च्या असतात, म्हणून २०८० × ११०० वर क्लॉक १६४.५७ ठेवलाय, त्यातून ७१.९२७ हर्ट्झ मिळतात. आपल्याकडचं टीव्ही प्रक्षेपण मात्र पाल या जुन्या टीव्ही पद्धतीच्या वंशातलं, २५ फ्रेमचं. जुन्या मराठी मालिकांची २५ फ्रेमची रेकॉर्डिंग ७५ ला तीन पटीत चपखल बसतात. आकड्याचा हव्यास धरण्यापेक्षा पाहायचं काय आहे त्याच्या पटीतला दर लावणं मला जास्त समाधान देतं.

२०१२ च्या सुमारास यामाकासी कॅटलीप क्यू२७० सारखे कोरियन २७ इंची मॉनिटर गाजले, त्यांच्या काही आवृत्त्या १४४०पीवर १२० हर्ट्झपर्यंत गेल्या. त्यांत स्केलरच नव्हता, ड्युअल-लिंक डीव्हीआयचा सिग्नल जवळजवळ थेट पॅनलकडे जायचा. त्यासाठी ड्रायव्हरची क्लॉक मर्यादा पॅच करावी लागायची. मी पॅच टाळलाय. मर्यादेच्या आत राहून किती मिळतं हे बघण्यातच मला गोडी आहे.

करून बघणार असाल तर आधी मूळ ईडीआयडी (मॉनिटर कॉम्प्युटरला देतो ती स्वतःची माहिती) एक्स्पोर्ट करून ठेवा. बदल केल्यावर सीआरयूसोबतची रीस्टार्ट फाइल चालवा. पडदा काळाच राहिला तर थोडं थांबून एफ८ दाबा, सगळे बदल तात्पुरते बाजूला होतात. तेही नाही जमलं तर सेफ मोडमध्ये जाऊन सीआरयूसोबतचीच रीसेट-ऑल फाइल चालवा. व्हीजीएची केबल हाताशी असू द्या.

पुढचं काम क्रिकेटसाठी ५० चं प्रोफाइल. ५० फ्रेमचं प्रक्षेपण ७५ वर एकदा, दोनदा असं विषम दिसतं, त्यामुळे चेंडूची रेषा तुटते. तिथे घाई नाही, टीव्हीचं २६४० × ११२५ हे ५० हर्ट्झचं प्रमाण टायमिंग १४८.५ मध्येच बसतं. प्रश्न एवढाच की हे पॅनल ५० इतकं खाली उतरतं का. उभ्या बाजूला ११०० च्या खाली १०९६ केल्यावर वरच्या कडेला चित्र फाटू लागलं, म्हणून ११०० वरच थांबलोय. तुमच्यापैकी कुणाचं सिंगल-लिंक डीव्हीआय पॅनल याहून कमी ओळींवर स्वच्छ चालत असेल तर पोर्चचे तिन्ही आकडे सांगा, मी तेच इथे लावून फोटो काढतो.