रात्री इथं कोण असतं?

आत्या फेब्रुवारीत पडली. न्हाणीघरात नाही, नागपूरच्या महाल भागातल्या घराच्या अंगणात, तुळशीला पाणी घालताना. खुबा मोडला, ऑपरेशन होऊन बॉल बदलला, घरात वॉकर आला. वय 81, साखरेमुळे संध्याकाळी इन्सुलिन. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिची अख्खी नोकरी गेली. लग्न केलं नाही, त्यामुळे जवळचा म्हणजे मी, भाचा. माझं घर मनीषनगरात तिसऱ्या माळ्यावर, लिफ्ट नाही. दोन महिन्यांत तीन बाया ठेवून पाहिल्या. दिवसाची बाई मिळायची, रात्रीची टिकायची नाही. शेवटी आत्याच म्हणाली, "काहून जीव टाकून राहिला तू? पाहून तर ये एखादं ठिकाण."

फोन लावायला लागलो तेव्हा कळलं की 'वृद्धाश्रम' या एका शब्दात दोन-तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्याला निदान एक वृद्धाश्रम सांगितलाय, पण तो निराधारांसाठी. पेन्शनवाली आत्या त्यात बसत नाही. 70 वर्षांवरच्यांचं आयुष्मान कार्डही इथं कामाचं नाही, ते दवाखान्यात भरती झाल्यावरचं. उरल्या पैसे घेऊन ठेवणाऱ्या जागा. तिथं पहिला प्रश्न एकच: "आजी स्वतः चालतात का?" चालते-फिरते, मदत लागणारे आणि अंथरुणाला खिळलेले, असे तीन भाव. आत्या मधल्या भावात.

पहिली जागा वेळ ठरवून पाहिली, सकाळी अकराला. चकचकीत फरशी, भजन चाललेलं, मॅनेजर अतिशय गोड. घरी येऊन करारनामा वाचला तर आत एक ओळ होती: सलग पंधरा दिवस अंथरुणावर राहिल्यास नातेवाइकांनी घेऊन जावे. म्हणजे खरी गरज पडेल तेव्हाच बाहेर. फोन करून विचारलं तर उत्तर आलं, "ते नुसतं लिहायला आहे हो." नुसतं लिहायला असेल तर खोडा म्हटलं. खोडलं नाही.

दुसऱ्या ठिकाणी न सांगता गेलो, संध्याकाळी सहाला. जेवणं आटोपून ताटं घासून पालथी घातलेली! पावणेसहाला जेवण आणि सकाळचा नाश्ता साडेआठला. मध्ये पावणेपंधरा तास. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला पहाटे साखर उतरून दरदरून घाम फुटला तर? "सवय होते सगळ्यांना," म्हणे. रात्री कोण असतं विचारलं. "वॉचमन आहे ना." वॉचमन फाटकावर, खोल्या मागच्या अंगाला. व्हरांड्यातल्या कूलरचं पाणी टपकून टाइल्सवर ओघळ आलेला, नेमका संडासाच्या वाटेवर. एका आजींना सहज विचारलं, "चहा मागितला तर मिळतो का हो?" त्यांनी आधी दारातल्या बाईकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "मिळतो." मी तिथून निघालो.

तोवर मे लागला. पारा 45 च्या वर, आणि आत्याच्या घरी रात्री मी झोपायला. तिसरी जागा बेसा भागात, साधीशी, बारा-पंधरा माणसांची. इथं मात्र मुद्दाम रात्री साडेदहाला गेलो. आत घेतील की नाही शंका होती. घेतलं. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर, लाइट गेली तर इन्व्हर्टर. साडेसातला जेवण, साडेनऊला दूध. खोल्यांबाहेरच्या बोळात खाटेवर रात्रपाळीची बाई बसली होती, जागी. मी रिकाम्या खोलीत जाऊन पलंगाजवळची घंटा दाबली. ती पदर खोचत आली आणि मला पाहून वैतागली, "काय जी, मस्करी करता काय?" तिचा वैताग मला फार आवडला. न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं होतं. आतला माणूस दाराला टेकून पडला तरी उघडता येईल असं. हे माझ्या लक्षात आलंच नसतं, तिनंच दाखवलं.

महिन्याला 22 हजार. डायपर, औषधं, डॉक्टरची फी वेगळी. अनामत किती परत मिळणार आणि किती दिवसांत, ते करारात लिहून घेतलं. अंथरुणाला खिळल्यावर भाव वाढेल, पण बाहेर काढणार नाहीत, हेही. आत्यानं एकच अट घातली: आधी महिनाभर राहून पाहते, सामान हलवायचं नाही.

नातेवाइकांत व्हायचा तो बोभाटा झालाच. "घरासाठी म्हातारीला आश्रमात टाकलं" हे माझ्यापर्यंत दोन दिशांनी आलं. गंमत अशी की त्याच 2007 च्या कायद्यात निपुत्रिक ज्येष्ठाची मालमत्ता ज्याला मिळणार, त्यानंच त्याला सांभाळायचं, असं आहे. मी ते आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग सांभाळ की. आधी ती कोथिंबिरीची सांबारवडी आण रविवारी. इथं करत नाहीत."

महिना होऊन गेला, ती राहिली. कपडे आणि देव तेवढे नेले. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत न्यावं लागेल, किंवा फोनवरून जीवन प्रमाण, म्हणजे ऑनलाइन दाखला, करून पाहू. तिची बोटं इतकी झिजलीत की ठसा उमटत नाही, चेहरा दाखवून जमतं का बघायचं. महालातल्या घराची किल्ली तिच्याच बटव्यात असते. पंधरा दिवसांनी घर झाडायला मी ती मागून नेतो, आणि संध्याकाळी परत नेऊन देतो.