दिवा बंद, पण लॉक चालूच

पावसाळ्यात उलव्याकडे भरावाचं काम असलं की माझ्या सहाचाकी टिपरला डिफ लॉकशिवाय (डिफरन्शियल लॉक, मागच्या दोन्ही बाजूंची चाकं एकत्र जखडणारा) गत्यंतर नसतं. एक बाजू चिखलात गरागरा फिरते, दुसरी ढिम्म. बटण दाबलं की हवेच्या दाबानं आतला स्लीव्ह, म्हणजे दातेरी कडं, सरकतो, दोन्ही बाजू एकत्र फिरतात आणि गाडी वर येते. पक्क्या रस्त्याला लागण्याआधी लॉक सोडायचा.

गेल्या आठवड्यात ड्रायव्हरचा कळंबोली सर्कलवरून फोन. "शेठ, वळताना स्टेअरिंग जड येतंय, मागचे टायर ओरडतायत." बटण बंद, डॅशबोर्डवरचा लॉकचा दिवाही बंद. मी म्हटलं, टायरमध्ये हवा कमी असेल. (मालकाला आधी स्वस्तातलंच कारण सुचतं.)

आमचे मिस्त्री स्टील मार्केटमागे बसतात. त्यांनी पुढच्या चाकांना ओंडके लावले, मागची दोन्ही बाजू उचलून खाली स्टँड दिले. टाकीत हवा भरून घेतली, कारण हवा नसेल तर मागचे ब्रेक सुटतच नाहीत. इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक सोडलेला. "आता डावं चाक फिरव." लॉक सुटलेला असेल तर डावं पुढे जाताना उजवं उलटं फिरतं. आमचं पहारीनंसुद्धा हललं नाही. लॉक आतच अडकला होता.

मग दिवा? त्याची वायर ड्रायव्हरनं महिन्याभरापूर्वीच काढून टाकलेली. "सारखा लुकलुकायचा, शेठ." अरे, स्लीव्ह नीट बसत नाही हेच तो सांगत होता!

ऑइल काढलं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा, काजळासारखा लेप असतोच, त्याला घाबरायचं नाही. ऑइल दुधाळ असतं तर पाणी शिरलंय असं समजलो असतो, तसंही नव्हतं. पण लेपात बोटाला टोचतील असे पातळ कपचे निघाले. मिस्त्रींनी एक्सलचे नट काढून शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, बाहेर ओढला. चाक न काढता निघतो, ही या गाड्यांची सोय. शाफ्टच्या टोकाच्या खाचा सरळ हव्यात. आमच्या जिलबीसारख्या नसल्या तरी डोळ्याला दिसेल एवढा पीळ होता. असा शाफ्ट परत बसवला तर कधी तरी लोड गाडीखाली तुटणार. हाऊसिंग उघडल्यावर खरं दुखणं दिसलं: स्लीव्हच्या दातांच्या कडा ठेचून दुमडलेल्या, म्हणून तो मागे सरकत नव्हता. क्राउन-पिनियन हे आतले मुख्य गिअर मात्र वाचले. मिस्त्रींनी ड्रायव्हरला एकच विचारलं, "चाक फिरत असताना बटण दाबतोस ना?" तो खाली बघायला लागला. गाडी थांबवून, चाक शांत झाल्यावर लॉक लावायचा असतो, हे त्याला मीच कधी सांगितलं नव्हतं.

नवा स्लीव्ह, नवा शाफ्ट, ताजं ऑइल. दिव्याची वायर मी स्वतः जोडली आणि लुकलुकला तर लगेच फोन कर म्हणून बजावलं. काल रात्री अडीचला त्याचा फोन आला. दिवा ठीक होता, हॉर्न वाजत नव्हता.