डॅशबोर्ड पुन्हा जागेवर

१९६५ च्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचा डॅशबोर्ड आज अखेर जागेवर बसला. सुरुवातीलाच बॅटरी सोडवली; या गाडीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, हे नव्या गाड्यांना सरावलेला हात सहज विसरतो. खरी कसोटी लागली ती तेलाचा दाब आणि पाण्याचे तापमान दाखवणाऱ्या जोडमीटरपाशी, कारण त्याची बारीक केशनळी इंजिनापर्यंत अखंड जाते, ती मुडपून तुटली की आतला द्रव निसटून तापमानाचा काटा कायमचा थांबतो, आणि म्हणूनच एका हाताने पॅनेल तोलत, दुसऱ्याने नळी हलकेच वळवत अर्धा तास गेला. रंगीत तारांना चिठ्ठ्या लावल्या होत्या. काळ्या अर्थिंगच्या तारेला मात्र आळसाने लावली नाही, आणि नेमके मीटरचे दिवे लागेनात. पुन्हा स्टिअरिंगखाली आडवा झालो. स्पीडोमीटरची केबल उद्या.