तुम्ही विचारलंत म्हणून: 'सान्क्या' अजून का?

रशियन लेखक झाखार प्रिलेपिन हा युक्रेनवरील रशियाच्या आक्रमणाचा उघड समर्थक आहे आणि त्याआधी पूर्व युक्रेनमधील दोनेत्स्कमध्ये तो रशियासमर्थक फुटीरतावाद्यांच्या बाजूने शस्त्र घेऊन उभा होता. मग त्याची 'सान्क्या' ही कादंबरी मी अजून लोकांना का सुचवतो, असे मला वारंवार विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. 'लेखक वेगळा, पुस्तक वेगळे' हे ठेवणीतले उत्तर इथे मलाच पटत नाही, कारण या पुस्तकाची नाळ लेखकाच्या आयुष्याशी जुळलेली आहे.

२००६ साली आलेल्या या कादंबरीचा नायक साशा तिशिन हा एका जहाल संघटनेचा तरुण कार्यकर्ता आहे. संघटना काल्पनिक असली, तरी तिच्यामागे लेखक-राजकारणी एदुआर्द लिमोनोव्हचा नॅशनल बोल्शेविक पक्ष लपत नाही. निवृत्त आणि अपंगांच्या सवलती काढून रोख रक्कम हातावर ठेवण्याच्या निर्णयाविरुद्ध ऑगस्ट २००४ मध्ये या पक्षाची पोरे मॉस्कोतील आरोग्य मंत्रालयात घुसली आणि त्यांनी पुतिनची तसबीर खिडकीतून खाली फेकली. २००७ मध्ये पक्षावर बंदी आली. प्रिलेपिन याच पक्षातला, पण विशेष पोलीस दलातून चेचन्याच्या युद्धातही जाऊन आलेला. त्यामुळे कादंबरीच्या सुरुवातीच्या मोर्चात लाठी खाणाऱ्याइतकाच लाठी उगारणाराही त्याला आतून ठाऊक आहे.

साशाला नेमके काय हवे आहे, ते त्याच्या वादविवादांतून काही कळत नाही (तिथे तो चक्क कंटाळवाणा होतो). ते कळते वडिलांच्या अंत्ययात्रेच्या आठवणीतून. वडिलांना त्यांच्या गावी पुरायचे असते, पण भर हिवाळ्यात बर्फाने रस्ता बुजल्यामुळे शवपेटी घेऊन निघालेली बस वाटेतच थांबते. मग साशा, त्याची आई आणि वडिलांचा जुना विद्यार्थी बेझलेतोव्ह ती पेटी बर्फावरून ओढत नेतात. मदतीला येतो तो अखेर गावातलाच एक माणूस, घोडा घेऊन. सरकार, पक्ष, शहर यांपैकी त्या रात्री कोणीही तिथे नसते. ज्या गावाकडे ही पेटी चालली आहे, तेही म्हाताऱ्यांचेच उरले आहे.

त्या रात्री सोबत असलेला बेझलेतोव्ह पुढे राज्यपालाच्या प्रशासनात जाऊन बसतो आणि रशियात आता वाचवण्यासारखे काही उरलेले नाही, असे साशाला शांतपणे समजावतो. शेवटी साशाचे साथीदार सरकारी इमारत ताब्यात घेतात, तेव्हा याच माणसाला खिडकीतून खाली फेकले जाते. २००४ मध्ये तसबीर होती, इथे हाडामांसाचा माणूस आहे. लेखकाची सहानुभूती कोणाकडे आहे, हे उघड आहे; तरीही पेटीला बेझलेतोव्हने लावलेला हात वाचकाला आठवत राहतो, आणि तो हात प्रिलेपिननेच आपल्याला दाखवलेला असतो.

या कादंबरीच्या इंग्रजी आवृत्तीला प्रस्तावना पुतिनचा कडवा विरोधक अलेक्सेई नवाल्नी याची आहे. तो २०२४ मध्ये तुरुंगात मेला. एकाच पुस्तकात प्रिलेपिन आणि नवाल्नी हे दोघे कसे मावले, हे मला समजून घ्यायचे आहे, आणि म्हणून मी ते अजून सुचवतो.