गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बसून चालवायची इलिप्टिकल: माझा अनुभव

डाव्या गुडघ्याची वाटी बदलून मला सात महिने झाले. आपण म्हणतो 'वाटी बदलली', पण खरं तर बदलतात ते सांध्याचे झिजलेले पृष्ठभाग. मांडीच्या हाडाच्या टोकाला धातू, खाली नडगीवर धातू आणि दोन्हींच्या मध्ये प्लास्टिकची गादी. ऑपरेशनआधी डॉक्टरांनी तो नमुना माझ्या हातात दिला होता. त्याचा पुढे फार उपयोग झाला. मशीनवर बसलो की आत काय हलतंय ते डोळ्यांसमोर असायचं.

मी ठाणे परिवहनमध्ये १९९१ पासून कंडक्टर होतो. गुडघा नोकरीमुळेच गेला असं मी म्हणणार नाही, माझ्या वडिलांनाही तोच त्रास होता आणि माझं वजनही वाढलेलं. पण नोकरीची एक सवय अंगात मुरली होती, ती इथे सांगायलाच हवी. आमच्यासाठी उभं राहणं म्हणजे काम आणि बसणं म्हणजे आराम. ट्रिप संपली की पाच मिनिटं टेकायचं, तीच विश्रांती. या समजुतीनेच माझा पुढे घात केला.

सहाव्या आठवड्यात वर्तकनगरच्या फिजिओ मॅडमनी मला पहिल्यांदा इलिप्टिकलचं ते मोठं मशीन दाखवलं. पाठ टेकायला खुर्ची, पुढे दोन पायपट्ट्या आणि पायांबरोबर मागेपुढे होणारे दोन दांडे. तोवर टाके निघून महिना झाला होता, काठी घेऊन घरात चालत होतो, पण गुडघा जेमतेम ९० अंश वाकत होता. व्यायामाच्या सायकलचं पॅडल पूर्ण फिरवायला साधारण १०५ ते ११० अंश लागतात. मला ते जमत नव्हतं, पॅडल वर आलं की अंग एका बाजूला कलायचं. मॅडम म्हणाल्या, "काका, ते कलणं म्हणजे कंबर गुडघ्याची चोरी झाकतेय. याच्यात पाऊल गोल फिरत नाही, लांबट फिरतं. पुढेमागे जास्त आणि वर कमी. म्हणून कमी वाकून भागतं." शिवाय अंगाचं वजन खुर्चीवर, सांध्यावर नाही.

त्या दिवशी मशीन चाललं पाचच मिनिटं, पण बैठक बसवण्यात पंधरा मिनिटं गेली. पाय जास्तीत जास्त पुढे गेला की गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, ताठ होऊन अडकता कामा नये. पाय जवळ आला की गुडघा ओढला जावा, पण चिमटा बसू नये. पाठ आणि कंबर खुर्चीला चिकटलेली. टाच पट्टीवर, चवड्यावर उभं राहिल्यासारखं नाही, नाहीतर पोटरी आखडते. दांडे हलके धरायचे. मी पहिल्या दिवशी हातांनीच सगळं ओढत होतो आणि डावा पाय नुसता बरोबर जात होता. मॅडमनी हात मांडीवर ठेवायला लावले, तेव्हा डाव्या मांडीचा स्नायू किती सुकलाय ते कळलं.

रोज क्लिनिकला रिक्षाने जाणं झेपेना, म्हणून मुलाने घरी लहान मशीन आणलं. आपल्याच खुर्चीसमोर ठेवून चालवायचं. त्याला मोटर आणि रिमोट होता. दुकानदाराने सांगितलं, "टीव्ही बघत तासभर लावा, आपोआप फिरतं, काही होत नाही." मला ते पटलं. बसलेल्या माणसाला काय होणार?

पहिली अडचण खुर्चीची. हॉलमधली प्लास्टिकची खुर्ची, खाली गुळगुळीत लादी. पायाने पुढे रेटलं की मशीन जागेवर आणि खुर्ची मागे. दहा मिनिटांत मी चांगला वीतभर मागे सरकलो होतो आणि ते लक्षातही आलं नव्हतं. पाय प्रत्येक फेरीला ताठ होत होता. मग जेवणाच्या टेबलाची जड लाकडी खुर्ची भिंतीला टेकवली, मशीनखाली रबरी चटई टाकली. चाकांची खुर्ची तर चुकूनही नको. खुर्चीची उंची अशी की गुडघ्यापेक्षा कंबर किंचित वर राहील, त्यासाठी खाली घट्ट उशी घेतली. अंतर बरोबर आहे का ते स्वतःला बसल्याबसल्या दिसत नाही. बायको बाजूला उभी राहून बघायची आणि सांगायची, "अहो, अजून थोडं पुढे."

दुसरी चूक माझीच. क्रिकेटची मॅच लागली होती. मोटर चालू, पाय फिरतायत, काही दुखत नाही. चाळीस मिनिटं झाली. रात्री गुडघा नारळाएवढा सुजला, गरम झाला, ठणका लागला. दुसऱ्या दिवशी ९५ अंशांवर आलेला गुडघा ८५ला अडकला. मॅडमनी मोटर पूर्ण बंद करायला लावली. मोटर पाय हलवते, स्नायू काम करत नाही, म्हणून थकवाही कळत नाही. सांधा मात्र शेकडो वेळा वाकतो. पाऊल घसरलं तर मशीन थांबत नाही, तेही आहेच. कोणाला फिजिओने मुद्दाम मोटर सांगितली असेल तर गोष्ट वेगळी, पण आपल्या मनाने नको.

तेव्हापासून मी मिनिटं तिकिटांसारखी मोजली. सकाळी पाच, संध्याकाळी पाच, रेझिस्टन्स, म्हणजे पट्ट्यांचा जडपणा, सगळ्यात कमी. दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, पाचवर गेलं की थांबायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज नेहमीएवढीच असेल तरच एकदोन मिनिटं वाढवायची. आधी वेळ वाढवायचा, मग जोर. दोन्ही एकदम नाही. झाल्यावर बर्फ पंच्यात गुंडाळून १५ मिनिटं, पाय उशीवर. लुंगी नेसून बसायचं नाही, पट्टीत अडकते. बायकांनी साडीचा पदर आणि ओढणी सांभाळावी. पायात सपाता नकोत, मागे बंद असलेले बूट हवेत. आणि वापरून झालं की प्लग काढून मशीन कोपऱ्यात. घरात चार वर्षांची नात आहे, तिची बोटं त्या पट्ट्यांच्या फटीत सहज जातील.

किती जोरात चालवायचं याचा मला वेगळाच प्रश्न होता. मशीनच्या पडद्यावर नाडीचे आकडे दिसतात, पण मी रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल घेतो. त्या गोळीने नाडी मुळातच संथ राहते, मग आकडा कमी दिसतो आणि माणूस जास्त रेटतो. मॅडम म्हणाल्या, आकडा सोडा, बोलून बघा. सलग वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. मी थांबे म्हणायला लागलो. जांभळी नाका, टेंभी नाका, खोपट, कॅडबरी, वर्तकनगर, शास्त्रीनगर, लोकमान्यनगर. सगळी नावं दम न तुटता आली तर ठीक. खोपटलाच श्वास घ्यावा लागला तर वेग कमी. श्वास कोंडून जोर लावायचा नाही, त्याने रक्तदाब एकदम चढतो.

आठव्या आठवड्यातली एक सकाळ मात्र मी विसरणार नाही. डावी पोटरी दुखत होती, उजवीपेक्षा जाड दिसत होती, हाताला गरम लागत होती. मला वाटलं व्यायामाने आखडली. बायको तेलाची वाटी घेऊन चोळायला बसणार, एवढ्यात मुलाने मॅडमना फोन लावला. त्यांनी स्पष्ट सांगितलं, चोळू नका, मशीनवर बसू नका, आत्ता हॉस्पिटलला जा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. डॉप्लर, म्हणजे शिरांतलं रक्त नीट वाहतंय का ते बघायची सोनोग्राफी झाली, गुठळी नव्हती. पण मला हे आधी माहीत नव्हतं, म्हणून इथे लिहितोय. एकाच पायाची पोटरी सुजली, लाल किंवा गरम झाली, छातीत दुखलं, अचानक धाप लागली, चक्कर आली किंवा जखमेतून पाणी आलं, तर व्यायाम तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा. छाती आणि धाप असेल तर मिनिटही वाट बघू नका.

तिसऱ्या महिन्याअखेर गुडघा ११२ अंश वाकायला लागला आणि मशीनवर वीस मिनिटं आरामात होऊ लागली. मला वाटलं, झालं. पण चालताना डावा पाय अजून कच खायचा. मॅडमनी समजावलं, बसून केलेल्या व्यायामात पायाने अंगाचा भार पेललेलाच नाही, तोल सांभाळलेला नाही. मशीनने सांधा मोकळा होतो, दम वाढतो, पण पायरी चढायला पायरीच चढावी लागते. मग मशीननंतर ओट्याला धरून टाचा उचलणं, खुर्चीतून हात न लावता उठणं, चार इंची पाटावर चढउतार, असं जोडलं. हळूहळू रायलादेवी तलावापर्यंत चालत जाणं सुरू झालं.

पाचव्या महिन्यात डॉक्टरांना विचारून मी पहिल्यांदा बसला गेलो. दांडा धरला, चांगला उजवा पाय आधी पायरीवर ठेवला, मग डावा आणला. उतरताना उलटं, ऑपरेशनचा पाय आधी. दारातल्या पोराने ओळखलं नसावं, नवीन भरती होता. पण त्याने मला जागेवर टेकू दिलं, दांडा घट्ट धरलाय ते बघितलं आणि मगच डबल बेल दिली.